मेंब्रेनमधली छिद्रे द्रावकाने कशी घडवावीत

पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या मेंब्रेनमध्ये, म्हणजे गाळण्यासाठीच्या पातळ पडद्यामध्ये, छिद्रे कोणी पाडत नाही. पॉलिमरचे द्रावण काचेवर पसरून पाण्यात बुडवले की द्रावक बाहेर पडतो, पाणी आत शिरते आणि घट्ट होत जाणाऱ्या पॉलिमरमध्ये ज्या जागा मोकळ्या राहतात त्यांचीच छिद्रे होतात. म्हणून छिद्रे बदलायची असतील, तर निरनिराळी पूरके मिसळण्याआधी द्रावक बदलून पाहावा, असे माझे मत आहे.

वाळवलेले पॉलिसल्फोन वजनाने १५ ते १८ टक्के घेऊन एनएमपी (एन-मिथाइल-२-पायरोलिडोन) या द्रावकामध्ये सुमारे ६० अंश सेल्सिअसला ढवळत विरघळवावे आणि हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून द्रावण रात्रभर स्थिर ठेवावे. कास्टिंग नाइफने, म्हणजे थर पसरण्याच्या पात्याने, २०० मायक्रोमीटर जाडीचा थर ओढून काच लगेच ऊर्ध्वपातित पाण्यात सोडावी आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करावे. थर पांढरा पडायला लागणारा वेळ हे सर्वांत स्वस्त आणि बोलके मापन आहे. तरीही ते बहुधा कोणी वहीत लिहीत नाही.

एनएमपी, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) आणि डीएमएसी (डायमिथाइलअ‍ॅसिटामाइड) हे तिन्ही द्रावक पाण्यात सहज मिसळत असल्याने थर जवळजवळ तत्काळ पांढरा होतो, आणि अशा मेंब्रेनच्या छेदात पातळ सालीखाली (वरच्या घट्ट थराखाली) बोटांसारख्या लांब पोकळ्या दिसतात. याउलट सेल्युलोज ॲसिटेट हा दुसरा पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवून पाण्यात बुडवले, तर थर काही काळ पारदर्शकच राहतो. तेवढ्या अवधीत पृष्ठभागाजवळचा द्रावक निघून जाऊन तिथे पॉलिमर दाटतो, म्हणून साल जाड व घट्ट होते आणि आतली रचना स्पंजासारखी बनते.

द्रावक तोच ठेवूनही हा विलंब घडवता येतो. त्यासाठी बुडवण्याच्या पाण्यातच २०, ४० आणि ६० टक्के एनएमपी मिसळून तीन नमुने करावेत. द्रावकाची बाहेर पडण्याची ओढ कमी झाल्याने बोटांसारख्या पोकळ्या आखूड होत जातात. मात्र त्याच वेळी पृष्ठभागावरचे पॉलिमरचे प्रमाण घटून साल अधिक मोकळीही होऊ शकते, तेव्हा पाण्याचा प्रवाह मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक ६६ अंशांनाच उकळून लवकर उडून जाणारा असल्याने तो थोडा मिसळून थर काही सेकंद हवेत ठेवल्यास साल घट्ट होते.

पुण्यात हवेत थर ठेवण्याची ही पायरीच फसवी ठरते. एनएमपी हवेतील ओलावा शोषतो. मार्चच्या कोरड्या दुपारी स्वच्छ राहणारा थर जुलैमध्ये बुडवण्याआधीच धुरकट होऊ लागतो आणि पृष्ठभागावर मोठी, उघडी छिद्रे येतात. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत आर्द्रता आणि हवेतले सेकंद नोंदवावेत. थंडीची तऱ्हा वेगळी आहे: पॉलिइथरसल्फोन या पॉलिमरसाठी डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा द्रावक वापरणाऱ्यांची बाटली जानेवारीच्या सकाळी गोठलेली सापडते, कारण तो सुमारे १८.५ अंशांनाच गोठतो. ती कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्यावी आणि मगच वजन करावे.

एनएमपी, डीएमएफ आणि डीएमएसी गर्भाला अपायकारक आहेत. म्हणून काम धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), योग्य हातमोजे घालून करावे, आणि थर बुडवलेले पाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवावे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पूर्ण वाळलेला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडावा. ब्लेडने कापल्यास छिद्रे दबतात आणि जी रचना दिसते ती ब्लेडची असते.