जुनी स्पॅनिश किंवा अमेरिकन दुनळी पारखताना

आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग वरचा लिव्हर पाहा: बंद स्थितीत तो मध्यरेषेच्या उजवीकडे असेल तर कुलूप घट्ट; डावीकडे सरकला असेल तर झीज झाली आहे.

नळ्या सुट्या करून टांगा, लाकडाने हलके ठोका. स्वच्छ घणघणाट आला तर नळ्या जोडणारी झाळ शाबूत. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. नळीची जाडी बंदूक-कारागिराकडूनच मोजून घ्या. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, तीही मोजून घ्या: जुन्या चेंबरची लांबी अनेकदा 65 मिमी असते, त्यात 70 मिमीचे काडतूस वापरले तर दाब धोकादायक वाढतो. दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी) आधुनिक काडतूस कधीच घालू नका.

एइबार या स्पेनमधल्या बंदूक बनवणाऱ्या गावाच्या बंदुकीवर चाचणीगृहाचा (जिथे नळीची दाब सोसण्याची चाचणी होते) शिक्का शोधा. 1927 पासून वर्षासाठी अक्षरे आहेत, ‘ए’ म्हणजे 1927. आगिरे इ आरांसाबाल या एइबारच्या कंपनीची साइडलॉक (चाप-यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर असलेली बंदूक) हातकाम पाहता खरोखर स्वस्त मिळते, पण साध्या स्पॅनिश बंदुकांचे आतले भाग मऊ पोलादामुळे लवकर झिजतात.

अमेरिकेतल्या मेरिडनच्या पार्कर कंपनीच्या बंदुकीची किंमत मुख्यतः श्रेणी, गेज (नळीच्या व्यासाचे माप) आणि पोलादावरच्या मूळ रंगछटांवर ठरते. 28 गेज दुर्मीळ. नव्याने पॉलिश केलेली बंदूक चकाकते, पण संग्राहक तिला कमी भाव देतात.