पीडॅकला नुसतं फिरायला जाऊ नका: एक्सप्लोरेशनवाल्यांची संघटना नेमकं काय करते ते कसं समजून घ्यायचं

फेब्रुवारी आला की जिऑलॉजी करून कॅनडात आलेली आपली मुलं-मुली एकच विचारतात, पीडॅकला (खनिज शोधणाऱ्यांच्या संघटनेच्या टोरंटोतल्या मार्चमधल्या कन्व्हेन्शनला) जाऊ का, रेझ्युमेच्या किती कॉपी नेऊ, सूट घालू की नको. जा, नक्की जा. पण त्याआधी दोन-तीन संध्याकाळी वेळ काढून ही संघटना वर्षभर काय करते ते वाचून घ्या, कारण मार्चमधले ते चार दिवस म्हणजे तिच्या कामाचा फक्त दिसणारा भाग आहे.

प्रॉस्पेक्टर्स अँड डेव्हलपर्स असोसिएशन ऑफ कॅनडा हे तिचं पूर्ण नाव, पण सगळे पीडॅकच म्हणतात. 1932 मध्ये ओंटारिओतल्या प्रॉस्पेक्टर, म्हणजे खनिज शोधत फिरणाऱ्या लोकांनी सुरू केली. 1944 पासून वीस वर्षं व्हायोला मॅकमिलन नावाची बाई अध्यक्ष होती, त्या काळात, त्या धंद्यात! आज टोरंटोच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मार्चच्या सुरुवातीला पंचवीस हजारांच्या वर माणसं जमतात. बाकीचं वर्ष मात्र सरकारशी बोलण्यात जातं, टॅक्स, जमिनीचा अ‍ॅक्सेस, परमिट, आदिवासी समाजांशी संबंध, शेअर बाजाराचे नियम, सगळ्यावर.

आता हे तुम्ही का वाचायचं? कारण तुमची फील्डची नोकरी यावरच अवलंबून आहे. ज्युनिअर कंपनीकडे खाण नसते, विक्री नसते, उत्पन्न शून्य. शेअर विकून पैसे आणायचे आणि ते जमिनीत ड्रिल करायचे, एवढाच धंदा. पैसे आले नाहीत तर त्या उन्हाळ्यात कॅम्पच लागत नाही, मग तुमचा रेझ्युमे कितीही चांगला असू दे.

म्हणून माझं सांगणं असं की संघटनेच्या सगळ्या मागण्या वाचत बसू नका, एकच मागणी धरा आणि तिचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठलाग करा. पहिल्यांदा करताय तर फ्लो-थ्रू शेअर आणि त्यावरचं टॅक्स क्रेडिट घ्या, कारण कॅनडाच्या एक्सप्लोरेशनचा पैसा समजायचा तर इथूनच समजतो.

गंमत अशी आहे, कंपनी एक्सप्लोरेशनवर खर्च करते, त्या खर्चाची टॅक्समध्ये वजावट मिळते, पण नफाच नाही तर वजावट घेऊन करणार काय? म्हणून ती वजावट कंपनी आपला शेअर घेणाऱ्या माणसाला देऊन टाकते, तो ती स्वतःच्या उत्पन्नातून वजा करतो आणि त्यासाठी शेअरला चार पैसे जास्त मोजतो. त्याच्यावर केंद्र सरकारने 2000 साली 15 टक्क्यांचं क्रेडिट दिलं, तेही तात्पुरतं म्हणून! तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा वाढवत आणलंय आणि मुदत संपत आली की संघटनेला पुन्हा दारात उभं राहावं लागतं. 2022 च्या बजेटमध्ये लिथियम, निकेल, कोबाल्ट, ग्रॅफाइट, तांबं अशा क्रिटिकल मिनरलसाठी वेगळं 30 टक्क्यांचं क्रेडिट आलं. एकाच खर्चावर दोन्ही मिळत नाहीत हे लक्षात ठेवा, इंटरव्ह्यूमध्ये भले भले गडबडतात.

तर पाठलाग कसा करायचा. आधी संघटनेचं बजेटपूर्व निवेदन काढा. ओटावातली संसदेची फायनान्स कमिटी बजेटच्या आधी लोकांकडून लेखी निवेदनं मागवते आणि ती सगळ्यांना वाचायला उपलब्ध असतात. वाचताना तीन गोष्टी वहीत लिहा: नेमकं काय मागितलंय, किती वर्षांसाठी, आणि कारण काय दिलंय. मग बजेट आलं की तेच शब्द तिथे शोधा. कधी मागणी जशीच्या तशी आलेली दिसते, कधी अर्धीच, कधी काहीच नाही. दोन-तीन वर्षांची निवेदनं शेजारी ठेवली की कळतं कुठल्या मागणीसाठी ही माणसं खरंच अडून बसली आहेत आणि कुठली नुसती यादीत आहे.

त्यानंतर लॉबिंगचं रजिस्टर उघडा. हे फार कमी लोक करतात आणि मला तर हाच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. कॅनडात केंद्र सरकारकडे पगारी लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, आणि मंत्री, खासदार, मोठे अधिकारी यांच्याशी आधी ठरवून बोलणं झालं तर त्याची माहिती पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते. कोणाला भेटले, कधी, कुठल्या विषयावर, सगळं फुकटात बघता येतं. संघटनेचं नाव टाकून शोधा आणि निवेदनाच्या तारखेशी जुळवून बघा.

एवढं करून मग कन्व्हेन्शनला जा. मोठमोठ्या देशांचे आणि मशिनरीवाल्यांचे स्टॉल शेवटी बघा, पेन आणि पिशव्या काय कुठे पळून जात नाहीत. आधी कोअर शॅक गाठा, तिथे खरा ड्रिल कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा लांब नमुना मांडलेला असतो आणि शेजारी तो लॉग केलेला, म्हणजे बघून नोंदवलेला जिऑलॉजिस्ट उभा असतो, त्याला बोलायला कोणी हवंच असतं. ट्रू विड्थ, म्हणजे खनिजाच्या थराची खरी जाडी किती, होल कुठल्या कोनात मारलं, सॅम्पलिंगचा क्वालिटी कंट्रोल कसा ठेवला, असं विचारा. मग प्रॉस्पेक्टर्स टेंट, तिथे एकटे-दुकटे लोक स्वतःचे क्लेम, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर खनिज शोधायचे नोंदवलेले हक्क घेऊन बसलेले असतात. मग इन्व्हेस्टर्स एक्स्चेंजमधल्या छोट्या बूथवर जा आणि रेझ्युमे पुढे करायच्या आधी हा प्रश्न टाका: तुमचा फ्लो-थ्रूचा पैसा कधी उभा केला आणि कधीपर्यंत खर्च करायचाय? बरेच जण वर्षाच्या शेवटी पैसे उभे करतात आणि नेहमीच्या नियमाने ते पुढच्या वर्षाअखेरपर्यंत जमिनीत घालावे लागतात. म्हणजे ज्याने गेल्या डिसेंबरात पैसे घेतले त्याला या उन्हाळ्यात माणसं लागणारच. या एका प्रश्नाने समोरच्याला कळतं की तुम्हाला धंदा कळतो.

पॉलिसीची आणि आदिवासी समाजांच्या कार्यक्रमांची सेशनही चुकवू नका, तिथे खुर्च्या रिकाम्या असतात पण निर्णय घेणारी माणसं तिथेच बसलेली असतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, संघटना मेंबर कंपन्यांची बाजू मांडते, ते तिचं कामच आहे, पण तुम्ही दुसरी बाजूही वाचलीच पाहिजे. ब्रिटिश कोलंबियाचं उदाहरण घ्या. तिथे क्लेम ऑनलाइन काही मिनिटांत घेता यायचा, ज्यांच्या पारंपरिक जमिनीवर तो पडतो त्यांना विचारायचीही गरज नव्हती. गिटहाटला फर्स्ट नेशन हा तिथला आदिवासी समाज कोर्टात गेला, 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की क्लेम देण्याआधी सल्लामसलत करणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि 26 मार्च 2025 पासून नवी पद्धत लागू झाली. तिथली एक्सप्लोरेशन संघटना, 1912 पासूनची, तिला उशीर आणि अनिश्चिततेची काळजी आहे आणि ती खोटी नाही. पण कोर्टाचा निकाल न वाचता फक्त संघटनेचं पत्रक वाचलंत तर अर्धंच कळेल, आणि फील्डवर गेल्यावर तिथल्या लोकांसमोर तुम्हीच उभे राहणार आहात, पत्रक लिहिणारा नाही.

नियम म्हणजे त्रासच असंही नाही. इंडोनेशियातलं बुसांग आठवा, ब्रे-एक्स कंपनीच्या सॅम्पलमध्ये बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं, 1997 मध्ये सगळं कोसळलं, सामान्य लोकांचे पैसे बुडाले. त्यानंतर 2001 मध्ये 43-101 नावाचा नियम आला आणि खनिजाच्या आकड्यांमागे क्वालिफाइड पर्सन, म्हणजे जबाबदारी घेणारा अनुभवी तज्ज्ञ असणं सक्तीचं झालं. आज कॅनडाच्या बाजारावर जो विश्वास आहे तो अशा नियमांमुळेच टिकलाय असं माझं ठाम मत आहे.

विद्यार्थी असाल तर मेंबर व्हा आणि ओंटारिओतल्या सडबरीला होणाऱ्या संघटनेच्या वर्कशॉपला अर्ज करा, कॅनडातल्या विद्यापीठांमधल्या निवडक मुलांना तिथे खाणी, ड्रिलिंग, जिओफिजिक्स सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं. नोकरीत असाल तर संघटनेच्या कमिट्यांवर काम करायची संधी शोधा, मसुदे तिथेच शिजतात.

आणि नागपुरात बसून हे वाचत असाल तरी हीच पद्धत चालते. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि एमईसीएल (खनिज शोधणारी सरकारी कंपनी) दोन्हींची मुख्य ऑफिसं तुमच्याच शहरात आहेत, दिल्लीत 1966 पासूनची फिमी ही खाण उद्योगाची संघटना आहे, आणि खाण कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने 29 खनिजांसाठी एक्सप्लोरेशन लायसन्स आलंय, त्यामुळे खासगी एक्सप्लोरेशनवर आपल्याकडेही आता बोलणं वाढणार. नव्या कायद्या-नियमांचे मसुदे निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावेत असं केंद्राचं 2014 चं धोरण आहे. खाण मंत्रालयाचा मसुदा आला की तो उतरवून घ्या, तुमच्या कामाशी लागणारं एक कलम निवडा, कलमाचा नंबर, आत्ताचे शब्द, त्याजागी तुम्हाला हवे असलेले शब्द आणि फील्डवरच्या अनुभवातून चार ओळींचं कारण, असं एका पानात लिहा आणि शेवटच्या तारखेच्या आत स्वतःच्या नावाने पाठवा. नंतर राजपत्रात अंतिम नियम आला की त्याच कलमापाशी जाऊन बघा काय बदललं.