मोठ्या गटातल्या मुलाची विचारशक्ती घरी कशी पाहावी

मूल शाळेतून आल्या आल्या हे करू नका. खाणं आणि झोप झाली की टीव्ही बंद करून खेळ म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसा. घरात मराठी असेल तर सूचना मराठीतच द्या. पुण्यात इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं आकडे मात्र ‘वन, टू, थ्री’ असेच मोजतात. ते तसेच मोजू द्या, नाहीतर तपासली जाईल ती भाषा.

आधी चिंचोके घ्या. सहा चिंचोक्यांची एक ओळ लावा आणि प्रत्येकासमोर एकेक ठेवून दुसरी ओळ मुलालाच लावू द्या. मग त्याच्या देखत एक ओळ लांब पसरवा आणि विचारा, “आता एकीकडे जास्त आहेत, की दोन्हीकडे सारखे?” बरीच मुलं लांब ओळीवर बोट ठेवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच दाखवलं होतं; या वयात त्यात काळजीचं काही नाही. खरी माहिती मिळते ती “कशावरून?” या प्रश्नातून. “ही लांब आहे ना” म्हणणारं मूल दिसण्यावर जातंय. “तू नुसते सरकवलेस” म्हणणारं त्याच्या पुढे गेलंय.

प्रश्न एकदाच विचारा, हे फार महत्त्वाचं. पसरवण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न आला, तर आपलं चुकलं असं समजून मूल उत्तर बदलू शकतं. 1974 साली रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी सहा वर्षांच्या मुलांना प्रश्न फक्त शेवटी विचारला, तेव्हा चुका कमी झाल्या.

पुढचा खेळ उलट्या हुकमाचा: “डोकं” म्हटलं की पायाला हात, “पाय” म्हटलं की डोक्याला. मूल स्वतःला आवरतं का, ते यात दिसतं. मग सेकंदाला एक अशा वेगाने आकडे म्हणा आणि तसेच म्हणायला सांगा. पाचव्या वर्षी साधारण चार आकडे लक्षात राहतात.

गुण देऊ नका, भावंडांशी तुलना तर नकोच. मुलाचे शब्द तारखेसह जसेच्या तसे वहीत लिहा आणि काही महिन्यांनी पुन्हा खेळा.

सूचना वारंवार समजत नसतील तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग बालमानसतज्ज्ञांकडे जा. बिने-कामतसारखी प्रमाणित बुद्धिमापन चाचणी प्रशिक्षित माणसानेच घ्यायची असते. पुण्यात सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी या संस्थेत बुद्धिमापनाचं काम अनेक वर्षं चालतं. तुमच्या मुलाच्या वयाला चाचणी घेतात का, ते आधी विचारा आणि जाताना वही सोबत न्या.