पहिलं मत देण्याआधी शपथपत्रांची अदलाबदल करा

पहिल्यांदा मत द्यायचं असतं आणि उमेदवारांबद्दल हाती असतात ती फक्त व्हॉट्सॲपवरची फॉरवर्ड्स. त्यात घरात कुणी दुसऱ्या पक्षाचं असेल तर चर्चा लगेच हातघाईवर येते.

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं; खटले, उत्पन्न, मालमत्ता, कर्ज त्यात शपथेवर लिहिलेलं असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं.

१. ज्याच्याशी अजिबात पटत नाही अशा एकाला सोबत घ्या. त्याच्या उमेदवाराचं शपथपत्र तुम्ही वाचा, तुमच्या उमेदवाराचं त्याला द्या.

२. सगळी पानं चाळत बसू नका. प्रलंबित खटले बघा: कलम कोणतं, न्यायालयाने आरोप निश्चित केलेत का. मग आयकर विवरणपत्रांतलं मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न आणि स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची मालमत्ता शेजारी ठेवा. खरे प्रश्न इथेच सुचतात. कर्जाचे आणि सरकारी थकबाकीचे रकाने लोक हमखास सोडून देतात, ते सोडू नका. शिक्षणाचा रकाना शेवटी पाहिला तरी चालेल.

३. आता प्रत्येकाने समोरच्याच्या उमेदवाराबद्दल एक आक्षेप आणि एक जमेची बाजू सांगायची. जमेची बाजू शोधताना जीवावर येतं, पण आवाज चढत नाही.

एक सांभाळा: खटला प्रलंबित आहे म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. आणि हो, ओळखपत्र हातात असलं तरी मतदारयादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. ते आधीच तपासा. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे.