५० आणि ५० मिळून ५३: ध्वनी आणि श्रवण समजून घेताना या चुका टाळा

टेबलावरचा एक पंखा ५० डेसिबल आवाज करतो. शेजारी अगदी तसाच दुसरा पंखा सुरू केला, तर आवाज किती होईल? हा प्रश्न कुणालाही विचारा, पहिलं उत्तर बहुतेक वेळा 'शंभर' असं येतं. बरोबर उत्तर ५३ आहे. आणि कानालाच विचारलं, तर तो म्हणेल, 'वाढलाय खरा, पण किंचितच.'

एकाच घटनेचे हे तीन हिशेब झाले. हवेतली ऊर्जा दुप्पट झाली, मीटरवरचा आकडा ३ ने वाढला आणि ऐकणाऱ्याला जेमतेम फरक जाणवला. ध्वनीबद्दलच्या बऱ्याच चुका हे हिशेब एकमेकांत कालवल्यामुळे होतात. हवेत काय घडतं हा एक विषय, आणि कान व मेंदू त्याचं काय करतात हा दुसरा.

चूक: फळ्यावरची नागमोडी रेषा म्हणजेच ध्वनी

पुस्तकात ध्वनी म्हणून वरखाली जाणारी रेषा काढलेली असते. ती पाहून कुणाला वाटतं हवा वरखाली हलते, कुणाला वाटतं हवा स्पीकरपासून कानापर्यंत वाहत येते. दोन्ही चूक. हवेचे कण ध्वनी ज्या दिशेने जातो त्याच दिशेत, पण जागच्या जागी पुढे-मागे हलतात. कुठे दाटी होते, तिला संपीडन म्हणतात. कुठे विरळ होतात, ते विरलन. पुढे सरकते ती ही दाटी. रांगेत मागून धक्का दिला की धक्का पहिल्या माणसापर्यंत पोचतो, पण धक्का देणारा शेवटचाच राहतो, तसंच काहीसं. फळ्यावरची रेषा हा दाबाचा आलेख आहे: कुठे किती वाढला, कुठे किती घटला. (हवाच वाहत आली असती तर ती ताशी १,२०० किलोमीटरहून अधिक वेगाने आली असती. मग कुणाशी समोरासमोर बोलायची सोय उरली नसती.)

दाबातला हा बदल किती सूक्ष्म असतो याची कल्पना नसल्यामुळे कानाची कमालही लक्षात येत नाही. आपल्याभोवती हवेचा दाब सुमारे १ लाख पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). १,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १,००० कंपनांच्या) आसपास तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या सुराचा दाब २० मायक्रोपास्कल (पास्कलचे वीस दशलक्षांश), म्हणजे हवेच्या दाबाच्या पाच अब्ज भागांतला एक भाग. त्या सुरामुळे हवेच्या कणांचं होणारं विस्थापन अणूच्या व्यासाहूनही कमी असतं.

चूक: 'मोठा', 'उंच', 'चढा', 'बारीक' हे शब्द हवे तसे वापरणं

इथे दोष थोडा आपल्या बोलण्याचाही आहे. 'टीव्हीचा आवाज बारीक कर' म्हणजे कमी कर. 'तिचा आवाज बारीक आहे' म्हणजे पट्टी वरची आहे. भांडणात आवाज चढतो तेव्हा तो मोठा होतो, गाण्यात चढतो तेव्हा वरच्या स्वरावर जातो. घरात हे चालून जातं. प्रश्नाचं उत्तर लिहिताना किंवा साउंडवाल्याला तक्रार सांगताना मात्र फसगत होते.

एका सेकंदात किती कंपनं होतात ती वारंवारता. ती वाढली की सूर वर जातो. दाबाचा चढउतार किती मोठा आहे तो आयाम. तो वाढला की आवाज मोठा होतो. वेगाचा या दोन्हींशी संबंध नाही. २० अंश सेल्सिअसच्या हवेत कुजबुज आणि किंकाळी दोन्ही सेकंदाला सुमारे ३४३ मीटर याच वेगाने जातात. खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या वेगाने निघाले असते, तर दूरच्या वाद्यवृंदाचं गाणं आपल्यापर्यंत विस्कटून आलं असतं.

याच जागी थोडी पुढची चूक दडलेली आहे. मोठेपणा फक्त आयामावर ठरत नाही, कारण कान सगळ्या सुरांना सारखी वागणूक देत नाही. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वात तिखट असतो. यामागचं एक कारण अगदी साधं आहे: कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या थोड्या वरच्या सुरांना अनुनादाने, म्हणजे त्यांच्या तालात स्वतः जोरात कंप पावून, उचलून धरते. उलट ५० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू येण्यासाठीच ४० डेसिबलहून जास्त पातळी लागते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे वेगवेगळ्या वारंवारतांसाठी मोजून आलेखांत मांडलं. म्हणूनच आवाज कमी केल्यावर गाण्यातला बास नाहीसा झाला, तर लगेच स्पीकर दुरुस्तीला नेऊ नका. तो बहुधा ठीक असतो. खालचे सूर तुमच्या कानाच्या उंबरठ्याखाली गेलेले असतात.

चूक: डेसिबलची साधी बेरीज-वजाबाकी

डेसिबल ही पटीपटीने चढत जाणारी मोजपट्टी आहे. १० डेसिबल वाढ म्हणजे ऊर्जा दसपट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. दुपटीला साधारण ३ डेसिबल. सुरुवातीच्या पंख्यांचे १०० डेसिबल खरोखर व्हायचे असतील, तर एक लाख पंखे लागतील. ऐकणाऱ्याला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण 'दुप्पट आवाज' अशी वाटते. ऊर्जा दसपट आणि जाणीव दुप्पट, ही तफावत डोक्यात पक्की बसवा.

शून्य डेसिबल म्हणजे शांतता हाही गैरसमज. शून्य ही फक्त मोजणीची सुरुवात आहे, वर सांगितलेल्या २० मायक्रोपास्कलपाशी धरलेली. त्याखालचे आवाजही असतात आणि त्यांचे आकडे ऋण येतात.

या मोजपट्टीचा खरा दणका बसतो तो कान वाचवताना. '८५ आणि ८८ मध्ये असा काय फरक?' फरक निम्म्या वेळेचा आहे. कामाच्या जागेसाठी नेहमी सांगितली जाणारी शिफारस अशी: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास. १०० पर्यंत येईतो उरतात १५ मिनिटं. 'मला तर काही त्रास होत नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण कान दुखायला लागतो तो १२० डेसिबलच्या पुढेमागे. इजा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. आतल्या कानात कंपनं टिपणाऱ्या हजारो केशपेशी असतात आणि माणसात त्या मेल्यावर पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमाहून परतल्यावर कानात गुणगुण ऐकू येणं ही गंमत नव्हे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून काडी घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चूक: पोलाद जड, म्हणून त्यात ध्वनी वेगवान

पोलादात ध्वनी हवेपेक्षा पंधरापटीने किंवा त्याहून वेगाने जातो, हे खरं. कारण मात्र चुकीचं दिलं जातं. नुसती घनता वाढली तर वेग कमीच होतो. पोलाद जिंकतं ते त्याच्या ताठरपणामुळे. पडताळा हवा असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन घ्या. सारख्या तापमानाला हलक्या हायड्रोजनमध्ये ध्वनीचा वेग ऑक्सिजनच्या जवळपास चौपट असतो. हेलियम ओढून बोलणाऱ्याचा आवाज विचित्र होतो तोही यामुळेच. स्वरतंतूंची वारंवारता फारशी बदलत नाही, घसा आणि तोंडातल्या पोकळीचा अनुनाद वर सरकतो. कारणं चुकवण्यात आपण एकटे नाही. १६८७ मध्ये न्यूटनने काढलेला हवेतला वेग खऱ्यापेक्षा बराच कमी निघाला, कारण संपीडनात हवा तापते हे त्याने धरलं नव्हतं. ती दुरुस्ती पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने केली.

चूक: कान म्हणजे शरीरातला माइक

हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, आणि आतला कान तर द्रवाने भरलेला. मधली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं पडद्यावरचा दाब लहानशा जागेवर एकवटून सुमारे वीसपट करतात. पुढे गोगलगायीच्या कवचासारख्या वळणदार नळीत सुरांची वाटणी होते: वरचे सूर दाराशी, खालचे पार टोकाशी. वयानुसार ऱ्हास दाराच्या बाजूने सुरू होतो, म्हणून आधी वरचे सूर जातात. स, श, फ, ठ यांचं वेगळेपण बरंचसं त्याच सुरांत असतं. 'ऐकू येतं रे, पण शब्द कळत नाहीत,' ही आजोबांची तक्रार शब्दशः खरी आहे. त्यावर ओरडणं हा उपाय नाही. ओरडल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला.

मेंदू तर याहून वस्ताद. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो १०० ते १५० च्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नसे. तरीही पलीकडचा माणूस बायकी आवाजात बोलतोय असं कुणाला वाटलं नाही. वरच्या उपस्वरांमधली (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेच्या सुरांमधली) अंतरं पाहून मेंदू गायब असलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. रेकॉर्डिंगमधला आपला आवाज परका वाटतो त्याचं कारण वेगळं: एरवी तो कवटीच्या हाडांतूनही आपल्यापर्यंत येतो. बाकीचे मात्र तुम्हाला रेकॉर्डिंगसारखंच ऐकतात.

चूक: बाहेरचा आवाज थांबवायला भिंतीला फोम

फोम खोलीतला घुमारा शोषतो. शेजारचा आवाज अडवणं हे त्याचं कामच नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि हवाबंद सांधे लागतात. भिंतीच्या एक टक्का क्षेत्राएवढी फट राहिली, तर बाकी भिंत कितीही भक्कम असो, पातळी साधारण २० डेसिबलहून जास्त खाली येत नाही. म्हणून खर्च करण्याआधी रात्री पलीकडच्या खोलीत दिवा लावा, इकडे अंधार करा आणि दाराच्या कडा बघा. जिथून उजेड येतो, तिथून आवाजही येतो. या फटी बुजवून बोलणं थांबलं, पण धडधड राहिली, तर ती खालच्या सुरांची आहे. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. पाच सेंटिमीटरचा फोम तिच्या खिजगणतीतही नसतो. ती भिंतीलाच हलवून आत येते. तिथे वजन वाढवा किंवा एकमेकींना न चिकटलेल्या दोन भिंती करा, आणि तोवर पलंग कोपऱ्यातून बाहेर ओढा, कारण खोलीच्या कोपऱ्यातच ती सर्वात जोरात ऐकू येते.