आधी उलटी बाजू पाहावी: घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर काम शिकताना

शिवणकाम उत्तम येणाऱ्या व्यक्तीलाही कॉम्प्युटरवर चालणारे एम्ब्रॉयडरी मशीन घरी आल्यावर सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. शिलाई मशीनवर कापड आपल्या हातात असते आणि टाका बिघडला की हाताला ते लगेच कळते. इथे कापड फ्रेममध्ये बांधलेले असते, फ्रेम मशीन हलवते आणि घरगुती मशीनही मिनिटाला साधारण ४०० ते ८५० टाके घालत असल्याने बिघाड लक्षात येईपर्यंत नक्षीचा बराच भाग पुढे गेलेला असतो. म्हणून या कामातले खरे कौशल्य मशीन सुरू करण्याआधीच्या तयारीत आणि काम अडल्यावर कारण शोधण्यात आहे. मी घरूनच ब्लाउज, बाळंतविड्याचे कपडे आणि टॉवेल यांवर भरतकाम करून देते आणि शिकायला येणाऱ्यांना सर्वांत आधी एकच सवय लावते: मशीनला दोष देण्यापूर्वी कापड उलटे करून नीट पाहायचे.

टाका खराब दिसला की नवशिक्यांचा हात टेन्शनकडे, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करण्याच्या सोयीकडे, जातो आणि गुंता बहुतेक वेळा तिथूनच वाढतो. टेन्शन बदलण्यापूर्वी एक नमुना शिवून घ्यावा. घट्ट विणीच्या सुती कापडाखाली आधाराचा कागद लावून, वर गडद रंगाचा आणि बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, पांढरा दोरा घेऊन, सुमारे ४ मिलिमीटर रुंदीची सॅटिन टाक्याची (एकमेकांना खेटून पडणाऱ्या भरीव टाक्यांची) एक उभी आणि एक आडवी पट्टी काढावी व तिची उलटी बाजू उजेडात पाहावी. पट्टीच्या मधोमध एक तृतीयांश रुंदीत पांढरा दोरा आणि त्याच्या दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसत असेल, तर टेन्शन बरोबर आहे. पांढराच पांढरा पसरलेला असेल तर वरचा दोरा जास्त ताणला जातो आहे किंवा बॉबिनचा दोरा सैल सुटतो आहे; पांढरा अजिबात दिसत नसेल तर वरचा दोरा सैल आहे. सुलट बाजूला नक्षीच्या कडेने पांढरे ठिपके दिसू लागले, तर वरचे टेन्शन कमी करण्याआधी बॉबिन केस बाहेर काढून तिच्यावरच्या पातळ पत्र्याच्या पट्टीखाली पाहावे. तिथे अडकलेला केसाएवढा तंतूसुद्धा ती पट्टी उचलून धरतो, बॉबिनच्या दोऱ्याला ताण उरत नाही आणि तो वर खेचला जातो. जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून हलकेच सरकवला की तंतू निघून येतो. आतला कचरा ब्रशने काढावा, तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीने तो आणखी आत जातो आणि ओलही लागते.

कापडाखाली दोऱ्याचा पुंजका होतो तेव्हा तो खाली दिसतो म्हणून बॉबिनला दोष दिला जातो, पण त्याचे कारण बहुधा वर असते. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. अशा वेळी दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न बसता वरून निसटून जातो आणि त्याला कोणताच ताण मिळत नाही. त्यामुळे दोरा नेहमी फूट वर उचलूनच ओवावा. ओवून झाल्यावर दोरा हाताने ओढून पाहावा: फूट वर असताना तो सहज सरकला पाहिजे आणि फूट खाली करताच हाताला अडकल्यासारखा लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सरकत असेल, तर दोरा पुन्हा ओवण्याला पर्याय नाही. पुंजका झालाच, तर फ्रेम ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मशीन थांबवून चाकाने सुई वर घ्यावी, फूट उचलावा, फ्रेम एका बाजूने जेमतेम बोटभर उचलून कापड आणि सुईखालचा पत्रा यांच्यामधून बारीक टोकाची कात्री घालावी आणि दोरे थोडे थोडे कापत जावे. कापड आपोआप सुटते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही. जोर लावला तर फ्रेम धरणारा भाग आपल्या जागेवरून सरकण्याची शक्यता असते आणि मग राहिलेली नक्षी जुन्या नक्षीशी जुळत नाही. त्यानंतर तो पत्रा उघडून दोऱ्याचे सगळे तुकडे वेचून काढावे, टाके मागे नेण्याच्या बटणाने दहा-पंधरा टाके मागे जावे आणि तिथून काम पुढे न्यावे, म्हणजे जोड दिसत नाही.

वरचा दोरा वारंवार तुटत असेल तर त्याचे तुटलेले टोक बोटांत धरून पाहावे. टोक पिंजून कुंचल्यासारखे झाले असेल, तर दोरा कुठेतरी घासला जातो आहे: सुईचे नाक त्याला अरुंद पडत असेल, सुई बोथट झाली असेल, कापड चिकटवण्याच्या स्प्रेचा थर सुईवर बसला असेल किंवा पत्र्याच्या छिद्राला सुई आपटून ओरखडा आला असेल. टोक स्वच्छ तुटलेले असेल, तर दोरा मागे कुठेतरी अडकतो आहे, आणि बऱ्याचदा तो रिळाच्या कडेवर असलेल्या, सुरुवातीचे टोक अडकवण्याच्या खाचेत सापडतो. रीळ उलटे फिरवून बसवले की हा त्रास थांबतो. सर्वसाधारण कामाला ७५/११ क्रमांकाची एम्ब्रॉयडरीची सुई आणि ४० क्रमांकाचा दोरा पुरेसा होतो. प्रत्यक्ष आठेक तास शिवणे झाले की सुई बदलावी, मग ती वाकडी दिसो वा न दिसो. नवी सुई स्वस्त असते, रेशमी बाही तशी नसते. मात्र सुई, दोरा आणि टेन्शन हे सगळे एकाच वेळी बदलू नये, कारण मग दोष कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पहिल्यापासून करावा लागतो.

इतके सगळे ठीक असूनही नक्षीभोवती चुण्या पडतात, तेव्हा दोष कापडाखालच्या आधाराचा असतो, आणि माझ्या मते नवशिक्यांनी सर्वाधिक वेळ याच विषयाला द्यावा. प्रत्येक टाका कापडाला दोन्ही टोकांकडून थोडे आत खेचतो. हजारो टाक्यांची ती ओढ खालच्या आधाराने सोसायची असते. हा आधार दुकानात नुसता ‘पेपर’ म्हणून मिळतो, पण त्याचे प्रकार मागून घ्यावे लागतात. फाडून काढायचा कागद न ताणणाऱ्या सुती कापडाला चालतो. होजिअरीला, टी-शर्टला आणि बाळाच्या मऊ झबल्याला कात्रीने कापून काढायचा व उरलेला कायम आत राहणारा आधार लागतो, कारण ताणले जाणारे कापड प्रत्येक धुण्यात हलते आणि फाडलेल्या कागदाचा आधार तोवर संपलेला असतो. शिवाय त्यासाठी गोल टोकाची सुई वापरावी म्हणजे विणीचे धागे तुटत नाहीत. टॉवेलला खालच्या आधाराखेरीज वरून पाण्यात विरघळणारा पातळ पडदा घालावा, नाहीतर टॉवेलचे फासे टाक्यांतून डोके वर काढतात. बाळाच्या कपड्यांत आतली बाजू अंगाला टोचू नये म्हणून मी इस्त्रीने चिकटणारे मऊ जाळीचे कापड शेवटी आतून लावते.

फ्रेममध्ये कापड बांधणे ही दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. कापड तंग असावे, पण ताणलेले नसावे. स्क्रू आवळल्यावर कडा धरून कापड ओढण्याची सवय हाताच्या भरतकामातून येते आणि इथे तीच नडते, कारण ओढून बसवलेले कापड फ्रेममधून सुटल्यावर मूळ आकाराला परत येते आणि नक्षी मात्र तशीच राहते. कापडाचे उभे-आडवे धागे फ्रेमच्या कडांना समांतर आहेत की नाही, हे खणाच्या कापडावर त्याच्या विणीतल्या बुट्ट्यांमुळे सहज दिसते. साध्या रंगाच्या कापडावर खुणेच्या पेनने मध्यरेषा आखून घ्यावी. मखमल आणि नाजूक रेशीम फ्रेममध्ये दाबले की वळ उठतात, म्हणून तिथे फक्त कागद फ्रेममध्ये बांधावा, कापड त्याच्यावर हलक्या चिकट स्प्रेने बसवावे आणि कडेने मोठे टाके घालून पक्के करावे.

पैठणीच्या ब्लाउजपीसचे काम हाती घेताना ते न शिवलेले, बाह्या फक्त आखलेल्या अवस्थेत मागून घ्यावे. शिवलेल्या बाहीत फ्रेम नीट बसत नाही. रेशमातून सुई गेली की छिद्र राहते आणि उसवल्यावरही ते लपत नाही, त्यामुळे नक्षी आधी तशाच जाडीच्या साध्या कापडावर पूर्ण शिवून पाहिल्याखेरीज रेशमाला हात लावू नये. जरीचा दोरा वापरायचा असल्यास मोठ्या नाकाची ९०/१४ सुई घ्यावी, वेग मशीनवर असेल तितका कमी करावा आणि वरचे टेन्शन थोडे सैल करावे. चपटी जर रिळाच्या टोकावरून निघाली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ घेते आणि तो पीळ सुईपाशी तुटतो. उभ्या खुंटीवर रीळ स्वतः फिरत सुटले की ती सपाट राहते.

नक्षीच्या फाइलमध्येही दोष असू शकतो. ब्रदर कंपनीच्या मशीनना पीईएस, जानोम कंपनीच्या मशीनना जेईएफ या प्रकारची फाइल लागते. डीएसटी ही अनेक मशीनवर चालते, पण तिच्यात खरे रंग साठवलेले नसतात, म्हणून पडद्यावर विचित्र रंग दिसले तरी घाबरू नये. मशीनवरच नक्षी लहान-मोठी करताना दहा ते वीस टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, कारण अनेक मशीन टाक्यांची संख्या तीच ठेवतात आणि लहान केलेली नक्षी दाट होऊन कापड फाडते. ४० क्रमांकाच्या दोऱ्याला टाक्यांच्या दोन ओळींमध्ये सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर योग्य असते. स्वतः नक्षी तयार करायची असेल तर इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे इंक/स्टिच हे मोफत साधन शिकण्यासाठी पुरेसे आहे.

मराठी ग्राहकांकडून नावे देवनागरीत मागितली जातात आणि मशीनमध्ये आधीपासून असलेली अक्षरे बहुधा रोमन असतात, त्यामुळे हे काम लवकर शिकून घ्यावे असे मी आग्रहाने सांगते. देवनागरीत अडचण शिरोरेखेची येते. तिचे टाके उभे पडतात, म्हणून शिवल्यावर ती पट्टी पडद्यावर दिसते त्यापेक्षा अरुंद होते आणि खालच्या अक्षरांपासून सुटल्यासारखी दिसते. अक्षरे शिरोरेखेच्या आत सुमारे अर्धा मिलिमीटर घुसवून ठेवावी, शिरोरेखा सर्वांत शेवटी एका सलग पट्टीत शिवावी आणि पट्टीची रुंदी ०.२ ते ०.४ मिलिमीटरने वाढवून घ्यावी. अनुस्वार आणि रफार १ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवले तर दोऱ्याची गाठ होते. मी अक्षराची उंची, वेलांटी-मात्रा सोडून, १० मिलिमीटरपेक्षा कमी घेत नाही; त्याहून लहान नाव हवेच असेल तर ६० क्रमांकाचा, म्हणजे आणखी बारीक, दोरा आणि ६५/९ सुई वापरते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुया आणि बॉबिन केस गंजू नये म्हणून त्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवाव्या. रेयॉनचा दोरा ओला झाला की कमकुवत होतो, म्हणून रिळेही तशीच जपावी, आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या वस्तूंना पॉलिएस्टर दोराच घ्यावा. वीज गेली तर कापड फ्रेममधून काढू नये, मशीनवर टाक्यांचा आकडा दिसत असेल तर तो अधूनमधून टिपून ठेवावा, म्हणजे वीज आल्यावर तिथूनच पुढे जाता येते.

पद्धतशीर शिकायचे असल्यास आयटीआयमध्ये सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स (एम्ब्रॉयडरी) हा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पैसे घेऊन काम सुरू करताना भाव टाक्यांच्या संख्येवर ठरवावा, कारखान्यांतही दर हजार टाक्यांवरच मोजतात. १५,००० टाक्यांची कोयरी मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने २५ मिनिटांत शिवून होते, पण रंग बदलणे, दोरे कापणे आणि फ्रेम बांधणे धरून पाऊण तास सहज लागतो. भाव सांगताना तो पाऊण तास, कागद आणि नमुन्याचे कापड असे सगळे धरावे. आणि प्रत्येक नमुन्याचा तुकडा वहीत टाचून त्याखाली कापड, कागदाचा प्रकार, सुई, दोरा व टेन्शनचा आकडा लिहून ठेवावा, तुकडा टाचताना उलटी बाजूही पाहता येईल असा एकाच कडेने टाचावा.