'मोअर दॅन वर्ड्स' गिटारवर कसं वाजवावं: ड्रम नसलेल्या गाण्यातला ठोका

गिटार हातात घेऊन सहा महिने झाले की हे गाणं वाजवायची हुक्की अनेकांना येते, आणि ते बहुतेकांचं फसतं. त्यातल्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, अवघड नाहीत. फसतो तो उजवा हात.

हे गाणं एक्स्ट्रीम या बॉस्टनच्या हार्ड रॉक बँडचं. ऑगस्ट १९९० मध्ये आलेल्या त्यांच्या 'पोर्नोग्राफिटी' या दुसऱ्या अल्बमवर विजेच्या गिटारचा दणदणाट आणि फंक या ठेकेबाज नाचऱ्या शैलीचे झटके भरलेले आहेत. पण जून १९९१ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते हे गाणं: नूनो बेटनकोर्टची एक गिटार आणि त्याचा व गॅरी शेरोनचा आवाज. व्हिडिओत तर ड्रमवाला आणि बासवाला सुरुवातीलाच वाद्यं बाजूला ठेवून निवांत बसतात.

१. आधी गिटारला हात लावू नका. याच अल्बममधलं 'गेट द फंक आउट' लावा आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी द्या. समेची सवय असलेल्यांचा हात पहिल्या मात्रेवर जाईल. जाऊ द्या, पाचदहा मिनिटांत जमतं. तीच टाळी 'मोअर दॅन वर्ड्स'वर दिलीत की कळेल, ठोका कुठे लपलाय ते.

२. मूळ गाण्याबरोबर वाजवायचं असेल तर सहाही तारा अर्ध्या स्वरानं उतरवा. ट्यूनरवर जाड तारेपासून ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट दिसलं पाहिजे. एकट्यानं सराव करताना नेहमीचा सूर चालेल.

३. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, ठेवून द्या. अंगठा जाड तारेवर, पुढची तीन बोटं बारीक तारांवर. चारही तारा एकदम, चिमटीत पकडल्यासारख्या छेडा. स्ट्रमिंग केलंत, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवलात, की गाणं गेलंच म्हणून समजा.

४. आता खरी गंमत. छेडून झाल्यावर बोटं पुन्हा तारांवर ठेवावीच लागतात ना? ती अलगद ठेवू नका, आपटा. तारा पडद्यांवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आदळून 'टक' असा आवाज येतो. हा टक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पाडायचा. म्हणजे ड्रमवाला उठून गेलेला नाही, तो नूनोच्या उजव्या हातात येऊन बसलाय. मनगट सैल ठेवा. जोर लावलात तर तासाभरात दुखायला लागेल. डावा हात नुसता तारांवर टेकवून, एकही कॉर्ड न धरता, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून हे दोन दिवस करा. घरचे वैतागतील.

५. मग कॉर्ड: जी, सी अॅड नाइन, ए मायनर सेव्हन, सी, डी. जी आणि सी अॅड नाइनमध्ये तिसरं व चौथं बोट बारीक दोन तारांच्या तिसऱ्या पडद्यावर रोवलेलंच राहू द्या, निम्मं काम वाचतं.

६. टक न चुकता पडायला लागला की मगच गा. दुसरा आवाज देणारं कुणी मिळालं तर उत्तम.

हे बसलं की अल्बममधलं शेवटचं 'होल हार्टेड' घ्या. तेही अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या गिटारवरचं, आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ते बारा तारांच्या गिटारवरचं आहे. सहा तारांवर वाजतं, पण ती झिलई येत नाही. बारा तारांची गिटार मिळालीच, तर ती सुरात लावायला वेगळा वेळ काढून ठेवा.